‘आजीवन’ म्हणजे कुणाचं आयुष्य?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो. कुठलं तेल, किती लिटर, किती किलोमीटरनंतर बदलायचं. इंजिन ऑइलपुढे आकडा असतो, कूलंटपुढे असतो, ब्रेकच्या तेलापुढे असतो. डिफरन्शियलच्या तेलापुढे मात्र काही कंपन्या आकडा लिहीत नाहीत. तिथे ‘फिल्ड फॉर लाइफ’ अशा अर्थाचे शब्द असतात. कारखान्यात एकदा भरलं, आता आजीवन बघायला नको. वाचणाऱ्याला बरं वाटतं, एक काम कमी झालं.

या निबंधातला प्रश्न त्या ‘आजीवन’ शब्दाबद्दल आहे. हे आयुष्य कुणाचं? तेलाचं म्हणावं, तर वाक्याला अर्थच उरत नाही. तेल टिकेल तोवर टिकेल, एवढंच ते सांगतं. गाडीचं म्हणावं, तर आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते आणि नंतर ५-५ वर्षांनी वाढवून घेता येते. एवढा काळ तेच तेल पुरेल असं लिहून द्यायला कुणी तयार होईल असं वाटत नाही. मग उरतं ते वॉरंटीचं आयुष्य, किंवा फार तर पहिल्या मालकाकडे गाडी असते तेवढा काळ. म्हणजे ‘आजीवन’ या मोठ्या शब्दात प्रत्यक्षात एक छोटा काळ बसवलेला आहे, आणि त्याच्या पलीकडे जे कुणी आहेत ते हिशोबातून गळले आहेत. दीड-दोन लिटर तेलाचा हा मामला असला, तरी आपण न दिसणाऱ्या वस्तूंशी आणि न भेटणाऱ्या माणसांशी कसं वागतो, हे त्यात फार स्वच्छ दिसतं.

आधी वस्तू समजून घेऊ. सिग्नलला ट्रकच्या मागे उभं राहिलं, की मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसतो. ते डिफरन्शियलचं हाउसिंग. इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, चाकांना मात्र आडव्या आसावर फिरायचं असतं. हा काटकोनातला बदल तिथे होतो. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, त्यात अडकलेलं मोठं क्राउन व्हील. पिनियनच्या साधारण चार फेऱ्यांना चाकाची एक फेरी, म्हणजे वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

दुसरं काम जास्त नाजूक आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर वरंध घाटातल्या एका पूर्ण उलट्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, फरक तेवढाच राहतो. दोन अर्धवर्तुळांच्या लांबीतला फरक फक्त त्यांच्यामधल्या अंतरावर ठरतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटलं असतं. ओनेसिफोर पेक्युर या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय शोधला: चार छोट्या दात्यांच्या चाकांची अशी जुळणी, की दोन्ही बाजूंना जोर मिळत राहतो, पण वेग ज्याचा त्याला ठरवता येतो. आजही मूळ कल्पना तीच आहे.

छोट्या हॅचबॅक गाड्यांमध्ये पुढची चाकं चालतात, आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं; तेलही दोघांना एकच. त्यामुळे हा वेगळा गोळा आणि त्याचं वेगळं तेल ही भानगड प्रामुख्याने जीप, बोलेरो, स्कॉर्पिओ, ओम्नी, टेम्पो, ट्रक अशा मागची चाकं चालणाऱ्या वाहनांची. हे लक्षात ठेवू, कारण पुढे गाड्या कुणाकडून कुणाकडे जातात याचा विचार करताना ते उपयोगी पडेल.

आता तेल. गॅरेजमध्ये याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात. मधासारखं घट्ट, आणि हाताला लागलं की दिवसभर न जाणारा गंधकाचा उग्र वास. त्या वासाला कारण आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने हायपॉइड पद्धतीचे गिअर वापरात आणले. त्यात पिनियनचा आस क्राउन व्हीलच्या मध्यापेक्षा खाली असतो. फायदा असा, की शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा तळ बुटका करता येतो. तोटा असा, की दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. साध्या तेलाचा पापुद्रा त्या दाबाखाली फाटतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. जिथे धातूला धातू भिडायची वेळ येते, तिथे उष्णतेने ही संयुगं पोलादाशी संयोग पावतात आणि दात्यावर एक अतिसूक्ष्म थर तयार करतात. झीज होते ती त्या थराची. दाता वाचतो, थर जातो, पुन्हा नवा थर बनतो.

म्हणजे हे तेल स्वतः खर्ची पडून दुसऱ्याला वाचवतं, आणि जे खर्ची पडतं ते कधीतरी संपतं. किती वेळा? टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर ५०,००० किलोमीटरमध्ये चाकाच्या सव्वादोन कोटींहून जास्त फेऱ्या होतात, आणि पिनियनच्या सुमारे नऊ कोटी. एवढ्या घर्षणातून निघालेली पोलादाची पूड त्याच तेलात राहते. इंजिनला ऑइल फिल्टर असतो. साध्या डिफरन्शियलला नसतो. ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असलं तर पुडीतली काही त्याला चिकटते, बाकीची तेलात फिरत राहते. इंजिनच्या तेलात इंधन जळल्याची काजळी मिसळते, इथे तसं काही नाही, म्हणून हे तेल पुष्कळ जास्त टिकतं. पण जास्त टिकणं म्हणजे कायम टिकणं नव्हे.

कधी बदलायचं, याचं उत्तर फार अवघड नाही. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळावा. नसेल तर साधारण वापरात ४० ते ८० हजार किलोमीटर ही रूढ मर्यादा. सतत घाट, भरपूर ओझं, ट्रेलर ओढणं असेल तर त्याच्या निम्मं. नव्या गिअरांचे दाते सुरुवातीला एकमेकांशी जुळवून घेताना जास्त पूड सोडतात, म्हणून काही गाड्यांत पहिला बदल लवकर सांगितलेला असतो. आणि पाण्यात गाडी गेली तर किलोमीटर मोजायचे नाहीत. हाउसिंगला हवा आत-बाहेर जायला एक छोटा ब्रीदर असतो. पावसाळ्यात तापलेला अ‍ॅक्सल फरशी पुलावरच्या थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. प्लग काढल्यावर तेल दुधट दिसलं तर ते पाणी. असं तेल त्याच आठवड्यात जायला हवं.

हे सगळं कोणताही बरा मेकॅनिक सांगेल. अवघड आहे ते यापुढचं. या ‘कधी’ला एक चमत्कारिक गुण आहे: योग्य वेळ असते तेव्हा तसं सांगणारी एकही खूण नसते. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. गाडी ओढायला जड होत नाही. मायलेज पडलेलं कळत नाही. जेव्हा मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि सोडला की बदलतो, तेव्हा दात्यांचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग खराब झालेला असतो. त्यानंतर घातलेलं नवं तेल झिजलेला धातू परत आणत नाही. म्हणजे काळजी घेण्याचा काळ हा नेमका तो असतो, ज्यात काळजीची गरज सिद्ध करता येत नाही. गरज सिद्ध झाली की काळजीचा काळ संपला, दुरुस्तीचा सुरू झाला. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण आपण आळशी माणसाला सुनावतो; इथे आळशी नसलेल्या माणसालाही तहान लागल्याचं कळत नाही.

मग कशासाठी बदलायचं? नेहमीचं उत्तर: तुमच्याच फायद्यासाठी. तेल बदलायला डिझेलची एक टाकी भरण्याहून कमी खर्च येतो. क्राउन-पिनियनचा सेट आणि मजुरी त्याच्या कित्येक पट. हिशोब स्वच्छ दिसतो.

पण तो प्रामाणिकपणे करून पाहावा. समजा, एका माणसाने नवी गाडी घेतली. सहा वर्षांत ७०,००० किलोमीटर चालवली, बहुतेक शहरात आणि हायवेवर, बेताच्या ओझ्याने. त्याने एकदाही हे तेल बदललं नाही, तर बहुधा त्याला काहीही त्रास होणार नाही. आवाज येऊ लागण्याआधी त्याने गाडी विकलेली असेल. गाडी बघायला येणारा रंग बघेल, टायर बघेल, इंजिनचा आवाज ऐकेल, एसी लावून बघेल. डिफरन्शियलचा प्लग उघडून बोट घालून बघणारा गिऱ्हाईक विरळा. शुद्ध स्वार्थाच्या हिशोबाने या माणसाने तेल न बदलणंच शहाणपणाचं आहे. ‘तुमच्याच फायद्यासाठी’ हे त्याला सांगणं खोटं आहे, आणि खोट्या कारणाने चांगलं काम करून घेणं फार काळ चालत नाही. एक दिवस तो स्वतः हिशोब करतो आणि काम सोडून देतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, दुसऱ्या भागात, ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळव्याकडे फिरवला की तो अदृश्य होतो. अदृश्य झाल्यावर तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा, की अशी अंगठी मिळाल्यावर न्यायाने वागत राहील असा माणूस आहे का? आपण चांगले वागतो ते पकडले जाऊ म्हणूनच ना?

राजे मारण्याची संधी आपल्याला मिळत नाही. आपल्या वाट्याला येणाऱ्या अंगठ्या छोट्या असतात. बंद लोखंडी गोळ्यातलं तेल ही त्यातली एक. इथे अदृश्य व्हायलाही लागत नाही, वस्तूच अदृश्य आहे. शिवाय ग्लॉकनच्या मेंढपाळाला निदान काहीतरी करावं लागलं होतं; इथे फक्त काही न करणं पुरतं. म्हणून यात पाप केल्याचा अनुभवही येत नाही. कुणी खोटं बोललेलं नसतं, कुणी चोरी केलेली नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ तर कारखान्यातूनच झाकून आलेली.

यावर एक दमदार आक्षेप आहे. जुनी गाडी स्वस्त का मिळते? तिच्यात काहीतरी झिजलेलं असणार हे सगळ्यांना माहीत असतं म्हणूनच. घेणाऱ्याने तो धोका किमतीत धरलेला असतो. मग पहिल्या मालकावर कसलं ओझं?

या आक्षेपाला अर्थशास्त्रानेच उत्तर दिलं आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. मुद्दा थोडक्यात असा: विकणाऱ्याला गाडीची अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो. सरासरी किमतीत चांगली राखलेली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर राहतात. मग सरासरी आणखी खाली येते. म्हणजे न दिसणाऱ्या निगेची किंमत बाजार देऊ शकत नाही. ज्याने तेल बदललं आणि ज्याने नाही, दोघांना सारखाच भाव. धोका किमतीत धरला जातो हे खरं, पण तो सगळ्यांच्या डोक्यावर सारखा वाटला जातो आणि फुटतो एकाच्याच डोक्यावर. शिवाय ज्याने राखलं त्याला आपल्या राखण्याचा मोबदला मिळत नाही, ही दुसरी बाजू.

कुणाच्या डोक्यावर फुटतो, हे बघितलं तर प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. गाड्या उतरंडीने खाली जातात. शहरातल्या पहिल्या मालकाकडून तालुक्याच्या गावातल्या दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. मागची चाकं चालणाऱ्या, दणकट, उंच गाड्यांना शेवटी जे काम मिळतं ते पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून आणि मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून ओळखलं जातं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, टपावर पोती, घाटातला रस्ता, पावसाळ्यात फरशीवरचं पाणी. पहिल्या मालकाने वापरली तेव्हा त्या दात्यांवर सर्वांत कमी ताण होता. सर्वांत जास्त ताण येतो तो जुन्या तेलाच्या आणि झिजलेल्या दात्यांच्या वाट्याला, ज्याच्याकडे दुरुस्तीला सर्वांत कमी पैसे आहेत त्याच्या हातात. त्याची गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर आठवड्याची कमाई बुडते, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. हे बुडणं पैशांचं झालं. गिअरचा तुकडा उडून दात्यांत अडकला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात, आणि तेव्हा गाडीत बसलेल्या माणसांचा या सगळ्या खरेदीविक्रीशी काहीही संबंध नसतो.

पहिल्या मालकाने दुष्टपणा केलेला नाही. त्याने फक्त आपल्या वापराने झालेल्या झिजेचा हिशोब आपल्या काळात चुकता केला नाही. तो पुढे ढकलला, आणि पुढे ढकललेली देणी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जाऊन थांबतात. तेल बदलण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. तो उपकार नाही, पुण्य तर नाहीच. आपण जे वापरलं त्याची भरपाई वापरत असतानाच करणं, इतकंच ते आहे.

मग असंही म्हणता येईल, की तेल बदलायची काय गरज आहे, विकताना खरं सांगितलं की झालं. ‘डिफरन्शियलचं तेल मी कधी बदललेलं नाही, तेवढं बघून घ्या.’ प्रामाणिकपणाने प्रश्न सुटतो. दुसऱ्या मालकापुरता सुटतो हे खरं, आणि असं सांगणारा माणूस न सांगणाऱ्यापेक्षा नक्कीच बरा. पण दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं नाही तर? मध्ये एजंट आला तर? माणसाने सांगितलेली गोष्ट गाडीबरोबर फार लांब जात नाही. तेल जातं. आपण घातलेलं चांगलं तेल पुढचे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर गाडीबरोबर असतं, मध्ये कितीही हात बदलले आणि कितीही जण गप्प बसले तरी. म्हणून सांगणं हे बदलण्याच्या जागी ठेवता येत नाही. ते त्याच्या जोडीला हवं: सर्व्हिसच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार, एका ओळीत. न दिसणारी वस्तू निदान कागदावर दिसू लागते.

अदृश्यपणाची उलटी बाजूही आहे. रोआल्ड डालच्या ‘मटिल्डा’मध्ये तिचा बाप जुन्या गाड्या विकतो आणि गिअरबॉक्सच्या तेलात लाकडाचा भुसा घालतो. घरघर थोडे दिवस बंद होते, तेवढ्यात गाडी खपवायची. मुलांच्या पुस्तकातली ही युक्ती कल्पनेतली नाही, ती जुन्या बाजाराची जुनीच चलाखी आहे. आपल्याकडे भुशाची जागा जाड तेल घेऊ शकतं: नव्वदच्या जागी एकशेचाळीस नंबर भरलं की झिजलेल्या दात्यांचा आवाज दबतो. कृती बघितली तर तीच आहे. प्लग काढला, जुनं ओतलं, नवं भरलं. एका हातून ती निगा होते, दुसऱ्या हातून फसवणूक. फरक मुख्यतः वेळेचा आहे. आवाज येण्याआधी, गाडी अजून आपल्यालाच चालवायची असताना केलेला बदल वस्तूसाठी असतो. आवाज आल्यावर, विकायच्या आदल्या आठवड्यात केलेला बदल घेणाऱ्याच्या कानासाठी. म्हणून ‘कधी’ हा प्रश्न केवळ तांत्रिक आणि ‘का’ हा नैतिक, अशी वाटणी मला पटत नाही. इथे ‘कधी’वरूनच ‘का’ कळतं.

अतिरेकाबद्दलही बोलायला हवं, कारण निगेच्या नावावर बरंच काही खपतं. दर सर्व्हिसला प्रत्येक तेल बदलून बिल फुगवणारी वर्कशॉप असतात, आणि गाडीची फार काळजी करणारा मालक त्यांचं आवडतं गिऱ्हाईक असतो. दहा हजार किलोमीटरवर चांगलं तेल काढून टाकण्यात सद्गुण नाही. वापरलेलं तेल आपल्या कायद्यात धोकादायक कचरा म्हणून धरलं जातं. ते गटारात किंवा मागच्या परसात ओतलं, तर एका अनोळखी माणसाचं भलं करताना दुसऱ्याचं पाणी नासवलं असं होईल. निगेचा अर्थ सतत काहीतरी करत राहणं असा नाही. आधी बघणं असा आहे. वरचा प्लग काढून बोट आत घालायचं. पातळी भोकाच्या कडेपर्यंत आहे का? रंग काळा पडला आहे की दुधट? चुंबकावर राखाडी लेप असेल तर ते वयाचं लक्षण, घाबरायचं कारण नाही. पोलादाचे कण किंवा चकत्या लागल्या तर मात्र ते दुखणं. ही पाहणी पाच-दहा मिनिटांची आहे, आणि बदलायचं की नाही हे तीच सांगते. वस्तूकडे न बघता केलेली काळजी आणि वस्तूकडे न बघता केलेलं दुर्लक्ष यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

या कामाचा एक नियम आहे, जो जुने मेकॅनिक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात: खालचा प्लग काढण्याआधी वरचा काढून बघ. खालचा काढून तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर आत भरायला वाट उरत नाही. गाडी तिथेच कोरडी अडकते. रिकामं करण्याआधी भरता येईल याची खात्री करून घे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचं तत्त्वज्ञान करायची गरज नाही. पण कारखान्याच्या मॅन्युअलमधला ‘आजीवन’ आणि गॅरेजमधला हा नियम शेजारी ठेवले, तर पुढे काय होईल याचा विचार कुणी जास्त केला आहे ते लगेच कळतं.

‘आजीवन’ लिहिणारे इंजिनिअर लबाड आहेत असं मला म्हणायचं नाही. आजची कृत्रिम तेलं आधीच्यांपेक्षा खरोखर जास्त टिकतात. सर्व्हिसचा खर्च कमी दिसला की गाडी खपते, हे त्यांना विक्री विभाग सांगत असतो. त्यांना एक काळ गृहीत धरून आकडेमोड करावी लागते, आणि तो काळ पहिल्या मालकाचा धरला जातो कारण गाडी विकत घेणारा तोच आहे. तिसरा मालक शोरूममध्ये येत नाही. त्याचं मत कुणी विचारत नाही. अडचण शब्दात आहे. ‘इतक्या किलोमीटरपर्यंत आम्ही खात्री देतो, पुढचं तुम्ही बघा’ असं लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. ‘आजीवन’ म्हटल्यावर पुढचं बघायला कुणी उरतच नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे, आणि तो आपण अर्धाच वापरतो. योगक्षेम. भाष्यकारांनी त्याची फोड अशी केली आहे, की जे आपल्याजवळ नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालं आहे ते राखणं म्हणजे क्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य इमारतीवर हे नाव आहे, त्यामुळे शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. पण आपले सगळे सोहळे योगाचे. नवी गाडी आली की पेढे, नारळ, चाकाखाली लिंबू. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार. खंडेनवमीला गॅरेजमधले पाने पुसून मांडून ठेवतात, तो एक दिवस त्यातल्या त्यात क्षेमाच्या जवळचा. क्षेमाला सण नाही, फोटो नाही. ते खड्ड्यात उतरून, पाठीवर झोपून, गंधकाच्या वासात करायचं काम आहे, आणि नीट झालं तर त्याचा परिणाम म्हणजे काहीही न होणं. न झालेल्या बिघाडाबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. ज्या माणसाची जीप दहा वर्षांनी कुंभार्ली घाटात बंद पडली नाही, त्याला ती का बंद पडली नाही हे कधीच कळणार नाही.

म्हणूनच या कामाला स्तुतीची किंवा फायद्याची जोड लावून ते टिकणार नाही. टिकलं तर ते एका साध्या समजुतीवर टिकेल, की आपल्याकडे असलेली वस्तू आपल्यापाशी संपत नाही. गाडीचं आयुष्य आपल्या आधी सुरू झालेलं असतं किंवा आपल्यानंतर चालू राहणार असतं, बऱ्याचदा दोन्ही. आपण मधले. मधल्या माणसाला सगळं आयुष्य सांभाळता येत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. त्याने आपल्या वाट्याचे किलोमीटर तेवढे चुकते करावेत. पुढच्या सर्व्हिसला गाडी रॅम्पवर चढली की मेकॅनिकला एवढंच सांगायचं: मागचा वरचा प्लग उघडून बघा, आणि जे दिसेल ते वहीत लिहा.